दुसऱ्या महायुद्धावरच्या शूटर गेममध्ये पायदळाची अस्सल शस्त्रं घालायची आहेत, सुरुवात कुठून करू?

आधी वर्ष आणि आघाडी ठरवा, बंदुका नंतर. १९४२ च्या उत्तर आफ्रिकेत जर्मन सैनिकाच्या हाती एसटीजी ४४ (महायुद्धात बरीच नंतर आलेली रायफल) दिसली की जाणकार खेळाडू तिथेच हसतो.

दुसरं म्हणजे प्रमाण. जर्मन तुकडीत साधारण दहा जण. त्यांत एक मशीनगन, एमपी ४० (सबमशीनगन) बहुधा तुकडीप्रमुखाकडे आणि बाकी बहुतेकांकडे दर गोळीनंतर बोल्ट ओढायची कार ९८के रायफल. सगळ्यांना एमपी ४० वाटणं हा गेमवाल्यांचा जुना रोग आहे!

खरी मजा रीलोडमध्ये आहे. एम१ गॅरँड या अमेरिकन रायफलमध्ये ८ गोळ्यांची क्लिप एकदम बसते आणि शेवटच्या गोळीबरोबर टणकन बाहेर उडते. अर्धवट क्लिपमध्ये गोळ्या भरणं फार किचकट, त्यामुळे तो पर्याय नसला तरी चालेल. ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलमध्ये १० गोळ्या, त्या भरायला पाच-पाचच्या दोन पट्ट्या. पण रायफलवर दुर्बीण असेल तर ती पट्टीच्या वाटेत येते, म्हणून स्नायपरला एकेक गोळी भरू द्या. हे फार थोडे गेम नीट दाखवतात.

ब्रेन या ब्रिटिश हलक्या मशीनगनच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावत, पण अडकू नये म्हणून सैनिक बरेचदा २८ च भरत. मॉडेलच्या नक्षीकामावर वेळ सगळ्यात शेवटी घालवा.