टोकियोत विचारायचं कुणाला, आणि कसं?

वाचकांचे प्रश्न

आम्ही दोघं (वय ६७ आणि ६२) एप्रिलमध्ये पहिल्यांदाच टोकियोला जातो आहोत. टूर कंपनी नाही. जपानी येत नाही, इंग्रजी कामापुरतं येतं. तिथे पोचल्यावर माहिती विचारायची झाली तर नेमकं कुठे जायचं? – एक वाचक, ठाणे

आधी चिन्हं ओळखून ठेवा, कारण पाट्या वाचण्यापेक्षा चिन्ह लवकर दिसतं. जपानच्या प्रमाणित चिन्हांमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे उत्तर द्यायला माणूस बसला आहे अशी चौकशीची जागा. इंग्रजी ‘आय’ म्हणजे माहितीचा कोपरा. तिथे पत्रकं आणि नकाशे असतील, पण माणूस असेलच असं नाही. प्रत्यक्षात माणसं असलेल्या काही केंद्रांवरही ‘आय’ असतं, म्हणून ते दिसलं तर आत डोकावून बघाच. जपानची राष्ट्रीय पर्यटन संस्था पर्यटन केंद्रांना तीन श्रेणी देते. तिसरी श्रेणी सगळ्यांत वरची. तिथे इंग्रजीखेरीज आणखी किमान दोन भाषांत बोलणारे कर्मचारी असतात आणि माहिती सबंध देशाची मिळते. हिंदी-मराठीची अपेक्षा मात्र धरू नका.

टोकियो महानगर सरकारची स्वतःची केंद्रं आहेत. हानेदा विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवर (आंतरराष्ट्रीय विमानं बहुतेक इथेच येतात), केईसेई उएनो स्थानकात, शिंजुकूच्या लांब पल्ल्याच्या बस स्थानकात आणि शिंजुकूतच महानगर सरकारच्या मुख्य इमारतीत. हानेदाला उतरलात तर पहिलं काम तिथेच उरकून घ्या. शहराचा कागदी नकाशा आणि भुयारी रेल्वेचा इंग्रजी नकाशा, दोन्ही मागून घ्या. फोनची बॅटरी संपली की कागदच कामाला येतो.

तुमच्या वयाचा विचार करता शिंजुकूतल्या मुख्य इमारतीतलं केंद्र सगळ्यांत सोयीचं, पण तिथे जाताना शिंजुकू स्थानकातून बाहेर पडू नका. जगातलं सर्वाधिक गर्दीचं स्थानक ते. बाहेर पडायच्या वाटा दोनशेहून जास्त. पश्चिमेची वाट नेमकी सापडली तरी पुढे दहा मिनिटं चालणं आहेच. त्याऐवजी महानगर सरकारच्या ‘तोएई’ भुयारी रेल्वेच्या ओएदो मार्गिकेवरचं तोचोमाए स्थानक (क्रमांक ई २८) गाठा आणि ए ४ या दारानं वर या. समोर दोन मनोरे असलेली इमारत दिसेल, तीच पहिली मुख्य इमारत. केंद्र ‘पहिल्या मजल्यावर’ आहे असं सगळीकडे छापलेलं असतं. आपल्याकडची माणसं इथे हमखास लिफ्ट शोधतात. जपानमध्ये पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. लिफ्टमधलं १ हे बटण जमिनीलगतचं, आणि आपला पहिला मजला तिथला दुसरा. हॉटेल, दुकानं, दवाखाने, सगळीकडे हाच हिशेब.

केंद्र साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा उघडं असतं. त्याच इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, निरीक्षण कक्ष आहे. तिकीट नाही, फक्त पिशव्या तपासतात. आधी वर जाऊन शहराचा पसारा डोळ्यांखालून घालावा आणि मग खाली येऊन प्रश्न विचारावेत. या क्रमानं गेलं की प्रश्न जास्त नेमके सुचतात.

दुसरं केंद्र असाकुसाचं. कामिनारिमोन या मोठ्या लाल कंदिलाच्या दरवाज्यासमोर, रस्त्यापलीकडे, लाकडी पट्ट्यांची आठ मजली इमारत आहे. वास्तुरचनाकार केंगो कुमा, साल २०१२. सकाळी नऊ ते रात्री आठ. तळाशी चौकशी आणि आठव्या मजल्यावर मोफत गच्ची. तिथून सेन्सो-जी देवळापर्यंत जाणारी दुकानांची सरळ रांग आणि दुसरीकडे स्कायट्री हा उंच मनोरा, दोन्ही दिसतं.

आता कसं विचारायचं ते. ‘टोकियोत काय बघावं?’ या प्रश्नाला हातात दहा पत्रकं मिळतात, उत्तर मिळत नाही. प्रश्न कागदावर इंग्रजीत लिहून न्या, एका ओळीत एकच: उद्या मंगळवार, सकाळी नऊला उएनोहून निघणार, जिने कमी हवेत, दुपारी एकला परत यायचं. असं दिलं की समोरची व्यक्ती नकाशावर पेनानं वाट आखून देते आणि स्थानकाचं कोणतं दार घ्यायचं तेही लिहिते. लिफ्ट असलेलं दार कोणतं, हे तुम्ही दोघांनी आवर्जून विचारा. प्रत्येक दाराला लिफ्ट नसते, आणि चुकीच्या दारानं गेलात तर साठ-सत्तर पायऱ्या सहज चढाव्या लागतात.

जपानी पत्ता समजतच नाही. रस्त्याचं नाव नसतं, नुसते तीन आकडे. नकाशात घालूनही मागच्या खेपेला हॉटेलभोवती अर्धा तास फिरलो. – एक वाचक, कोल्हापूर

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण आपण रस्ता धरून घर शोधतो आणि तिथे ठोकळा धरून शोधतात. बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. नाव वस्तीला असतं, आणि आकडे मोठ्याकडून लहानाकडे जातात. वर सांगितलेल्या महानगर सरकारच्या इमारतीचाच पत्ता घ्या: निशी-शिंजुकू २-८-१. निशी-शिंजुकू ही वस्ती. २ म्हणजे तिचा दुसरा भाग, याला चोमे म्हणतात. ८ म्हणजे त्या भागातला आठवा ठोकळा, चारही बाजूंनी रस्ते असलेला. १ म्हणजे त्या ठोकळ्यातली इमारत. इमारतींचे आकडे बहुधा ठोकळ्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वाढत जातात. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला ८ क्रमांकाचा ठोकळा आणि समोरच्या बाजूला ९ असू शकतो. आपण ‘समोरच्या रांगेत असेल’ म्हणून रस्ता ओलांडतो आणि तिथेच चुकतो.

पायी शोधताना विजेच्या खांबांवर आणि इमारतींच्या कोपऱ्यांवर लावलेल्या छोट्या पट्ट्या बघा. अक्षरं जपानी असली तरी आकडे वाचता येतात. आधी चोमे जुळवा, मग ठोकळा, आणि त्यानंतरच दारं मोजा.

अर्धा तास फिरण्याचं दुसरं कारण बहुधा रस्त्यावरचा नकाशाफलक. आपल्या डोक्यात उत्तर दिशा कायम वर असते. जपानमधले रस्त्यावरचे आणि स्थानकाबाहेरचे बहुतेक फलक मात्र तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशा वर धरून काढलेले असतात. फलकावर वर दिसतं ते तुमच्या समोर, डावीकडे दिसतं ते तुमच्या डाव्या हाताला. तिथे उभं राहून वाचायला याहून सोपं काही नाही. पण त्याचा फोटो काढून पुढच्या कोपऱ्यावर उघडला, किंवा फोनमधल्या उत्तर-वर नकाशाशी ताडून पाहिला, की माणूस नेमका उलटा चालू लागतो. फलकाच्या कडेला उत्तरेचा छोटा बाण असतो, तो आधी शोधा. लाल खूण आणि ‘तुम्ही इथे आहात’ असा शिक्का तर असतोच.

तरी नाहीच सापडलं तर कोबान. कोबान म्हणजे चौकातली छोटी पोलीस चौकी, दारावर लाल दिवा. रस्ता दाखवणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम आहे, त्यामुळे संकोच नको. त्यांच्याकडे त्या भागाचा घर न् घर दाखवणारा तपशीलवार नकाशा असतो. इंग्रजी जेमतेम असेल, म्हणून पत्ता जपानी लिपीत दाखवा. पोलीस गस्तीवर गेले असतील तर टेबलावरचा फोन उचलायचा, तो पोलीस ठाण्याला लागतो.

हॉटेलच्या बाबतीत एक खबरदारी. एकाच साखळीची चार-सहा हॉटेलं एकाच भागात असतात. नाव सारखं, शेवटी फक्त पूर्व-पश्चिम किंवा जवळच्या स्थानकाचं नाव. आरक्षणाच्या मेलमधला पत्ता जपानी लिपीत आणि हॉटेलचा फोन नंबर, हे दोन्ही छापून जवळ ठेवा. टॅक्सीतल्या दिशादर्शकात नुसता फोन नंबर घातला तरी ठिकाण सापडतं.

नावांच्या घोळावरून असाकुसाचं उदाहरण द्यायलाच हवं. असाकुसा नावाची स्थानकं चार कंपन्यांची आहेत. गिंझा मार्गिकेचं जी १९, तोएईचं ए १८ आणि तोबू रेल्वेचं, ही तिन्ही जवळजवळ आहेत. चौथं, त्सुकुबा एक्स्प्रेसचं, सुमारे सहाशे मीटर पश्चिमेला. ‘असाकुसा स्थानकाबाहेर भेटू’ असं ठरवून दोघं दोन टोकांना उभे राहतात. भेटायची जागा ठरवताना मार्गिकेचं अक्षर, स्थानकाचा आकडा आणि दाराचा क्रमांक, तिन्ही सांगा. वरच्या पर्यटन केंद्रासाठी: जी १९, दार २.

आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. माहिती केंद्रात शाकाहारी हॉटेलांची यादी मिळते का? – एक वाचक, नाशिक

पत्रकं बऱ्याच ठिकाणी मिळतात. पण ‘व्हेजिटेरियन’ शब्दावर विसंबू नका. त्या शब्दाचा अर्थ पुष्कळांच्या मनात ‘मांस न खाणारा’ इतकाच असतो, मासे त्यात चालतात असं धरतात. खरी अडचण दिसणाऱ्या माशाची नाहीच. बोनिटो मासा धुरावून, वाळवून, त्याच्या किसाचं पाणी काढतात, त्याला दाशी म्हणतात. मिसो सूप, सोबा-उडोन या नूडल्सचा रस्सा, टेंपुराबरोबरचं (टेंपुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेले तुकडे) पाणीदार सॉस, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत ती असते. भाज्यांचा टेंपुरा मागवला तरी बुडवायच्या वाटीत मासा आहेच, आणि पिठात बहुधा अंडं.

म्हणून केंद्रात ‘व्हीगन’ हा शब्द वापरा, त्याचा अर्थ पक्का आहे. दूध-दही चालतं हे नंतर सांगा. आणि एक काम तिथेच करून घ्या: ‘मांस, मासे, अंडी आणि कात्सुओ दाशी (म्हणजे बोनिटोची दाशी) चालत नाही’ हे वाक्य जपानी लिपीत ठळक लिहून मागा. तोंडी म्हणायचं तर: ‘निकु तो साकाना तो तामागो वा ताबेरारेमासेन. कात्सुओ दाशी मो दामे देस.’ पण गर्दीच्या वेळी कागद जास्त चालतो, कारण तो थेट स्वयंपाकघरात जातो.

बौद्ध मठांच्या परंपरेतला शोजिन र्‍योरी हा जेवणाचा प्रकार विचारा. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. रश्श्याला कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी. बहुधा आगाऊ नोंदणी लागते. घरचं खावंसं वाटलं तर तोझाई मार्गिकेवर निशी-कासाई (टी १६). एदोगावा प्रभागातल्या या भागात भारतीय वस्ती मोठी, त्यामुळे डाळ-तांदळापासून मसाल्यापर्यंत सगळं मिळतं.

फक्त डेटा असलेलं ई-सिम घेतलं आहे. अडचण आली तर फोन कसा करायचा? – एक वाचक, इंदूर

पर्यटकांसाठी चोवीस तास, वर्षभर चालणारी मदतवाहिनी आहे: ०५०-३८१६-२७८७. इंग्रजी, चिनी, कोरियन. भारतातून लावायचा तर +८१-५०-३८१६-२७८७. आजारपण, अपघात, भूकंप, आणि साधी चौकशीसुद्धा. मात्र नुसत्या डेटाच्या सिमवरून हा नंबर लागत नाही, ही गोष्ट ऐनवेळी लक्षात येते. हॉटेलच्या स्वागतकक्षातून लावून घ्या, नाहीतर सार्वजनिक फोन शोधा. त्यात १० येनची नाणी घाला. १०० चं घातलं तर उरलेले परत येत नाहीत. पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका ११९. हे दोन्ही सार्वजनिक फोनवरून नाण्याशिवाय लागतात.

पासपोर्ट हरवला तर आधी कोबान, तिथे नोंद करून क्रमांक घ्या, मग भारतीय दूतावास: कुदान-मिनामी २-२-११, चियोदा प्रभाग, स्थानक कुदानशिता.

डेटावरूनच आठवलं. भारतीयांसाठी १ एप्रिल २०२४ पासून पर्यटक ई-व्हिसा सुरू झाला आहे. तो विमानतळावर फोनमध्ये, इंटरनेट चालू असताना, दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत चालत नाही. म्हणून चेक-इनच्या रांगेत लागण्यापूर्वीच पान उघडून पाहा.

भुयारी रेल्वेचा ७२ तासांचा पास घेतला तर सगळ्या गाड्या चालतात का? माहिती कुठे विचारावी? – एक वाचक, मडगाव

नाही. टोकियो मेट्रोच्या ९ आणि तोएईच्या ४, अशा तेरा मार्गिका चालतात. हिरवी यामानोते गाडी जेआरची (जपान रेल्वेची), तिथे हा पास चालत नाही. आणि जेआरचा पास भुयारात चालत नाही. एकाच स्थानकात तीन कंपन्यांच्या खिडक्या असतात, आणि मेट्रोच्या खिडकीवर जेआरचा प्रश्न विचारला की नम्रपणे पुढे पाठवतात. आधी मार्गिकेची खूण बघा, मग रांगेत उभे राहा. पासचे ७२ तास पहिल्यांदा फाटकातून आत गेल्यापासून मोजतात. दुपारी तीनला सुरू केलात तर चौथ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. म्हणून उतरल्या दिवशी रात्री उगाच सुरू करू नका.

मिताकाच्या घिबली (अ‍ॅनिमेशनपट स्टुडिओच्या) संग्रहालयाची तिकिटं माहिती केंद्रात मिळतील का? – एक वाचक, पुणे

मिळणार नाहीत, आणि संग्रहालयाच्या दारातही मिळत नाहीत. दर महिन्याच्या १० तारखेला, जपानच्या वेळेनुसार सकाळी दहाला, पुढच्या महिन्याची तिकिटं ऑनलाइन विक्रीला येतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. मे महिन्यात जायचं असेल तर १० एप्रिलला सव्वासहालाच संगणकासमोर बसा, पासपोर्टवरचं नाव आणि कार्ड हाताशी ठेवून.