नसलेल्या बँडची बारा मुखपृष्ठे

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र आणि सोबतची बारा मुखपृष्ठे मी मध्ये एक दिवस जाऊ देऊन दोनदा पाहिली. ‘ओहोटी’ नावाचा चार जणांचा बँड तू कल्पनेने उभा केलास, त्याच्या अल्बमना नावे दिलीस आणि दीड वर्षात त्यांची मुखपृष्ठे रचलीस. उपयोजित कलेच्या प्रवेशासाठी हेच काम पोर्टफोलिओत ठेवावे, असे तुला वाटते. वडिलांचे म्हणणे असे की, जो बँड अस्तित्वातच नाही त्याच्यासाठी केलेल्या कामाला कोणी काम मानणार नाही आणि या व्यवसायावर पोटही भरत नाही. या दोन वेगळ्या शंका आहेत. पहिलीशी मी सहमत नाही. दुसरीत मात्र बरेच तथ्य आहे.

काल्पनिक बँडवर केलेले काम कमी प्रतीचे ठरत नाही. संगीतकार डेमन अल्बार्न आणि चित्रकार जेमी ह्युलेट यांनी 1998 मध्ये ‘गोरिलाझ’ हा बँड निर्माण केला, तेव्हा त्याचे चारही सदस्य कागदावरचीच पात्रे होती. त्यांचे चेहरे, स्वभाव आणि पूर्वायुष्य ह्युलेट यांनी इतक्या निष्ठेने घडवले की 2006 मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्यांना वर्षातील सर्वोत्तम डिझायनरचा सन्मान दिला. त्या चित्रांमागे खरे संगीत होते, हा फरक मी विसरलेलो नाही. तुझ्या कामातील उणीवही नेमकी तिथेच आहे.

तुझी बारा मुखपृष्ठे बारा वेगवेगळ्या शैलींत आहेत. एक जलरंगात, एक कोलाजमध्ये, एक केवळ अक्षरांचे, एक जुन्या छायाचित्रावर रंग चढवलेले. हात चांगला आहे, हे त्यातून दिसते. पण ‘ओहोटी’ कसे वाजवते, त्यात गाणारा कोण, दुसऱ्या अल्बमपर्यंत त्यांच्यात काय बदलले, याचा पत्ता लागत नाही. बँड तुझ्यासाठी निमित्तमात्र राहिला आहे आणि म्हणून त्याने तुला एकदाही अडवलेले नाही. व्यवसायात डिझायनरला संगीत अडवते, कलाकार अडवतो, आकार आणि मुदत अडवते. तू बँड शोधून काढलास, तसे आता हे अडथळेही शोधून काढायला हवेत.

रीड माइल्स यांचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ‘ब्लू नोट’ या जॅझ कंपनीसाठी त्यांनी 1950 आणि 1960 च्या दशकांत शेकडो मुखपृष्ठे केली. पण त्यांना स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती, ते शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत ऐकत. कंपनीचे आल्फ्रेड लायन त्यांना ध्वनिमुद्रणाचा नूर समजावून सांगत, फ्रान्सिस वुल्फ यांची छायाचित्रे समोर असत, आणि त्यावरून माइल्स अक्षरांची अशी मांडणी करत की पाहणाऱ्याला लय जाणवावी. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले संगीत डोळ्यांना दिसेल असे करणे हेच या कामाचे मर्म आहे, आणि त्यासाठी तुला तो ‘दुसरा’ हवा आहे. संगीताची जाण असलेल्या एखाद्या मैत्रिणीला ‘ओहोटी’ची प्रमुख गायिका कल्पून तिला पानभर मागणी लिहायला सांग: अल्बम कशाविषयी आहे, गाण्यांचा क्रम काय, कोणते रंग नकोत. तिला नकार देण्याचा पूर्ण अधिकार असू दे. काम संपत आले असताना तिने अल्बमचे नाव बदलले, तर तक्रार न करता मांडणी पुन्हा कर; असे प्रत्यक्षात अनेकदा घडते.

बारांऐवजी तीनच अल्बम घे, मात्र तिन्ही त्याच बँडचे. पहिला हाताशी पैसे नसताना केलेला, दुसरा नाव झाल्यावरचा आणि तिसरा एक सदस्य सोडून गेल्यानंतरचा. तिन्ही शेजारी ठेवल्यावर बँड तोच आहे हे ओळखू यावे आणि काळ गेला आहे हेही दिसावे. एवढे साधले, तर परीक्षकाला तुझी विचारक्षमता समजेल. नाकारलेली कच्ची रेखाटनेही सोबत जोड.

आकाराकडे तुझे पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. 1940 मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी सचित्र वेष्टनांना सुरुवात केली. तोपर्यंत तबकड्यांचे संच बहुधा साध्या, चित्रहीन वेष्टनांतच विकले जात. पुढे लाँग प्ले तबकडीच्या मुखपृष्ठाला साधारण 31 सेंटिमीटर बाजूचा चौरस मिळाला, सीडीने तो 12 सेंटिमीटरवर आणला, आणि आता तीच प्रतिमा फोनच्या पडद्यावर नखाएवढी दिसते, जरी मूळ फाइल 3000 बाय 3000 पिक्सेलची मागितली जात असली तरी. तुझे प्रत्येक मुखपृष्ठ या तिन्ही आकारांत छापून आणि पडद्यावर पाहून तपास. तुझ्या सातव्या मुखपृष्ठावरील किनाऱ्याची सुंदर बारीक रेघ लहान आकारात नाहीशी होते. मागची बाजू आणि कणा, म्हणजे वेष्टनाची अरुंद कडाही रच, कारण गाण्यांची यादी, श्रेयनामे आणि बारकोड यांना जागा देताना डिझायनरचा खरा कस लागतो.

अक्षरांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे तुला इतरांपेक्षा वेगळे काही करता येईल. ‘ओहोटी’ या शब्दात तीन अक्षरे, दोन काने, दोन मात्रा आणि एक वेलांटी आहे. मात्रा आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत हा शब्द बसवलास, म्हणून त्याचा माथा सर्वत्र कापल्यासारखा दिसतो. शिरोरेषा ही पाण्याची पातळी मानून वेलांटी लाटेसारखी वर उठू दिलीस, तर बँडची ओळख त्या एका शब्दातच तयार होईल. तयार फाँट वापरण्यापूर्वी हा शब्द किमान पन्नास वेळा हाताने लिही.

तिसऱ्या मुखपृष्ठावरील छायाचित्र इंटरनेटवरून घेतल्याचे तू प्रामाणिकपणे कळवले आहेस. ते काढून टाक किंवा स्वतः काढलेले वापर. प्रत्येक पानावर ‘काल्पनिक प्रकल्प’ असेही स्पष्ट लिही.

आता वडिलांची दुसरी शंका. केवळ अल्बमच्या मुखपृष्ठांवर चरितार्थ चालवणारे लोक फार थोडे आहेत आणि बहुतेकांना एकदाच ठरलेली रक्कम मिळते, विक्रीत वाटा मिळत नाही. पीटर ब्लेक यांनी जॅन हॅवर्थ यांच्यासह बीटल्सच्या 1967 च्या अल्बमचे जगप्रसिद्ध मुखपृष्ठ केले, आणि त्याचे त्यांना सुमारे 200 पौंड मिळाले. म्हणून प्रवेश घेताना मुखपृष्ठांचा नव्हे, तर दृश्यसंप्रेषणाचा, म्हणजे चित्र आणि अक्षरांतून आशय पोहोचवण्याचा, व्यापक अभ्यासक्रम निवड; अक्षररचना, छपाईचे तंत्र आणि करारातील हक्कांची माहिती त्यात मिळते का, हे आधी विचार. हीच कौशल्ये पुस्तकांची मुखपृष्ठे, पोस्टर, वेष्टने आणि संस्थांची बोधचिन्हे यांत लागतात, आणि नियमित उत्पन्न बहुधा तिथून येते. वडिलांना हे पत्र जरूर दाखव, आणि त्यांच्याशी बोलताना उत्पन्नाचा हा भाग तूच आधी मांड.

मैत्रिणीने लिहिलेली मागणी, तिचे नकार आणि दुसऱ्या अल्बमचे पहिले रेखाटन एवढे तयार झाले की मला पाठव. पूर्ण झालेले चित्र पाहण्याची घाई मला नाही. तिच्या आक्षेपांनंतर तू नेमके काय बदललेस, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
करिअर मार्गदर्शक