वाचकांचे प्रश्न : रस्त्याखालचं काम

महामार्ग बांधणीत सत्तावीस वर्षं काढलेल्या एक प्रकल्प व्यवस्थापक या वेळी उत्तरं देत आहेत.

मॅडम, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. महामार्गाच्या कामावर मॅनेजर व्हायचंय. सुरुवात ऑफिसात करावी की साइटवर?

साइटवर. आणि पहिलं वर्ष मटेरियल लॅबमध्ये मिळालं तर नाक मुरडू नकोस. मला तिथे शिक्षा म्हणून धाडलं होतं, रस्त्याच्या उंचीची मोजमापं लिहायचं लेव्हलचं बुक पावसात भिजवलं म्हणून. आठ महिने मी भरावात खड्डे खणत फिरले. खड्ड्यातली माती काढून तोलायची, मग घनता ठाऊक असलेली कोरडी वाळू त्यात सोडायची. किती वाळू बसली त्यावरून खड्ड्याचं आकारमान कळतं आणि त्यावरून थर किती दबलाय ते. लॅबमधल्या कमाल घनतेच्या ठरलेल्या टक्केवारीला, साधारण ९५ किंवा त्याहून वर, पोचला नाही तर थर नापास. पुन्हा पाणी मारा, पुन्हा रोलर फिरवा. रोलरचे ऑपरेटर मला लांबून बघूनच चहाला निघून जायचे.

माती दाबायला पाणी लागतं, हे प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरनं १९३३ साली नीट मांडलं. तो धरणांवर काम करणारा माणूस. कोरडी माती दबत नाही, फार ओली झाली तर रोलरखाली गादीसारखी हलते. मधला एक ओलावा असतो, तिथे ती सगळ्यात घट्ट बसते. चाचणीचा आकडा यायच्या आधी मी आजही मूठभर माती दाबून गोळा करते आणि खाली टाकते. पिठासारखी विखुरली तर कोरडी, थबकन बसली तर जास्त ओली. हे शहाणपण ऑफिसातल्या खुर्चीत मिळत नाही.

मॅनेजरच्या कामाचं म्हणशील, तर निम्मा दिवस जुळवाजुळव : क्रशरवरून खडी आली का, डांबर पसरणाऱ्या पेव्हरचा सेन्सर बिघडलाय, टँकर कुठे अडकला, पुढच्या पट्ट्यातला विजेचा खांब अजून हलला का नाही. उरलेला निम्मा दिवस ‘नाही’ म्हणण्यात जातो. एकदा प्लांटपासून साइटपर्यंतच्या वाटेत ट्रॅफिक तुंबलं आणि डांबराच्या मालाचे सहा टिपर उशिरा पोचले. थर्मामीटर खुपसला तर १०५ अंश. माल पसरताना तो १४०च्या आसपास हवा असतो, कारण ९०-१००च्या खाली गेला की रोलर नुसता वरून इस्त्री करतो, आत पोकळ्या तशाच राहतात. सहाही टिपर परत पाठवले. त्या रात्री वरिष्ठांचे तीन फोन आले, तिन्हींमध्ये मालाची किंमत मला नव्यानं सांगण्यात आली.

नवा रस्ता वर्षभरात उखडतो. सगळा पैसा खाल्ला जातो म्हणून, की दुसरं काही कारण असतं?

पैसा खाल्ला जात नाही असं मी म्हणणार नाही, लोक हसतील. पण पैसा न खाताही रस्ता उखडू शकतो, आणि तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार पाणी असतं. जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) या रस्ते बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरनं दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं : भार शेवटी खालची जमीनच पेलते आणि ती कोरडी असेल तोवरच पेलते. रस्ता म्हणजे तिच्यावरचं छप्पर. बाजूची गटारं तुंबली, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, मोरीच्या तोंडाशी कुणी राडारोडा टाकला, की पाणी थरांत मुरतं. वरून कितीही जाड डांबर ओता. तुमच्या भागातला खड्डा बघायला जाल तेव्हा खड्ड्याकडे नंतर बघा, आधी कडेचं पाणी कुठे जातं ते बघा.

दुसरं कारण वजन. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सैन्याच्या ड्रायव्हरांनी रात्रंदिवस ट्रक फिरवले, रस्ता कशानं झिजतो ते मोजण्यासाठी. त्यातून निघालेला ढोबळ हिशेब असा की नुकसान अ‍ॅक्सलवरच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट. नुसता वीस टक्के जादा माल भरला तरी नुकसान दुपटीवर जातं. या हिशेबात तुमच्या मोटारीचा वाटा जवळजवळ शून्य, त्यामुळे निदान तेवढ्यापुरतं मन हलकं करा.

माझा मुलगा रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे. सणावारी येतो, तेव्हाही फोनला चिकटलेला. हे असंच चालणार का?

काम चालू असेतो, हो. कोरड्या हवेचे महिने म्हणजे आमची सुगी. पावसाळ्यात बोलवा, तेव्हा माणसासारखा बोलेल. आणि फोनवर तो हवामानच बघत असतो, खरंच.

एवढ्या धूळधाणीत तुम्हाला काही छंद आहे का? की काम हाच छंद?

‘काम हाच छंद’ म्हणणारी माणसं मला घाबरवतात. मला दगडांचा नाद आहे. तो लागला मात्र कामातूनच. खडी डांबराला धरते का ते बघायला आम्ही डांबर लावलेले खडे कोमट पाण्यात चोवीस तास ठेवतो. काळा पाषाण डांबर चांगलं धरून ठेवतो, गारगोटीच्या जातीचे दगड ते लवकर सोडतात, कारण त्यांना डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. दगडालाही आवडनिवड असते हे कळलं आणि मी खिशात दगड घालून घरी यायला लागले. डोंगर कापताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे, मोरपिसासारखे पसरलेले स्फटिक निघतात. ब्लास्टिंगनंतरची पहिली फेरी मी मारते. सुरक्षेसाठी, असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं.

जमिनीकडे बघत चालायच्या सवयीमुळे एकदा टिटवीची अंडी दिसली. भरावाच्या कडेला, घरट्याच्या नावानं नुसती खळगी, कडेनं चार खडे मांडलेले आणि आत मुरमाच्या रंगाची, ठिपके असलेली अंडी. टिटवी आधी आरडाओरडा करत अंगावर आली, मग पंख मोडल्याचं नाटक करत लंगडत लांब निघाली. माती सपाट करणाऱ्या ग्रेडरचा ऑपरेटर खाली उतरला आणि म्हणाला, “मॅडम, ही आपल्यापेक्षा चांगली ट्रॅफिक वळवते.” आम्ही भोवती चुन्यानं रंगवलेले दगड मांडले आणि साठ मीटरचा पट्टा सोडून पुढे सरकलो. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. पिल्लं बाहेर आली की लगेच पायावर उभी राहून चालू लागतात, त्यामुळे नंतरचा प्रश्न उरला नाही. मासिक अहवालात ‘विलंबाचं कारण’ या रकान्यात मी ‘अंडी’ असं लिहिलं. हेड ऑफिसातून एका ओळीचा मेल आला : ‘कितव्या टप्प्याचं मटेरियल आहे हे? पुरवठादाराचं नाव कळवा.’