एक्स्टर्नल हार्ड डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढली तर खरंच काही बिघडतं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं वायर तशीच ओढून काढताय, काही झालं नाही, मग ‘सेफली रिमूव्ह’ची भानगड हवी कशाला? आणि करायला गेलं तर विंडोज दर वेळी ‘हे डिव्हाइस वापरात आहे’ म्हणून अडवतं, त्याचं काय करायचं?

मी फोंड्याला असतो. लग्नं, मुंजी आणि जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग एडिट करणं हा धंदा. टेबलावर कायम तीन-चार डिस्क पडलेल्या असतात. दोन वर्षं काही झालं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझंही पाच वर्षं काही झालं नव्हतं.

मग आमच्या वाड्यावरच्या जत्रेचं नाटक आलं. पहाटे संपलं. घरी येऊन कार्डावरचं सगळं डिस्कवर कॉपी केलं, हिरवी पट्टी भरून गेली, वायर ओढली, कार्ड फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या ऑर्डरीला पळालो. कॅमेरा लांबलचक चित्रण तुकड्यातुकड्यांत ठेवतो. संध्याकाळी बघतो तर आधीचे तुकडे ठणठणीत, शेवटचा मात्र उघडेना. नाव दिसतंय, आकार दिसतोय, आत काही नाही. त्या शेवटच्या अंकात माझा मामा राजा झाला होता आणि त्यानंतर त्याने कधी तोंडाला रंग लावला नाही. अजून घरी गेलो की विचारतो, “अरे, माजी सीडी खंय?”

पट्टी भरली म्हणजे माल पोचला, हा माझा गैरसमज होता. डिस्कवर लिहायला वेळ लागतो, म्हणून सिस्टीम बराचसा डेटा आधी मेमरीत घेऊन ठेवू शकते आणि मग सवडीने डिस्कवर उतरवते. बिल फाडून झालंय, पण माल अजून टेम्पोतच आहे, अशी गत. ‘सेफली रिमूव्ह’ केलं की टेम्पो रिकामा होतो, उघड्या फाइली बंद आहेत का ते बघितलं जातं आणि मगच ‘आता काढा’ असा निरोप येतो.

तुमचं काही बिघडलं नाही त्याला कारण असू शकतं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, बाहेरून जोडलेल्या डिस्कला मुळातच ‘क्विक रिमूव्हल’ ही सेटिंग मिळते. त्यात असा डेटा मागे ठेवत नाहीत. तुमच्या डिस्कची सेटिंग बघायची तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉलिसीज. तिथे ‘बेटर परफॉर्मन्स’, म्हणजे डेटा मागे ठेवणारी सेटिंग, असेल तर न विचारता ओढणं बंद करा. ‘क्विक रिमूव्हल’ असलं तरी एखादा प्रोग्राम अर्धवट फाइल लिहीत असेल तर ती जायची ती जाणारच. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली असेल तर जास्तच जपा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट, आपल्या बदलांची नोंद ठेवतं, त्यामुळे धक्का बसला तरी निदान फोल्डरांची मांडणी सावरता येते. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही.

आता ‘वापरात आहे’चं दुखणं. आधी त्या डिस्कची उघडी खिडकी बंद करा, नुसती मिनिमाइज नको. एडिटिंगचे सॉफ्टवेअर, फोटो बघायचा प्रोग्राम, अँटिव्हायरसचं चालू स्कॅन, नेहमीचे गुन्हेगार हेच. माझ्याकडे बहुतेक वेळा एडिटिंगवालाच सापडतो, प्रोजेक्ट बंद केला तरी तो डिस्क धरून बसतो. आख्खा प्रोग्राम बंद करावा लागतो. तरी सुटत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजचा नोंदी दाखवणारा प्रोग्राम उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये जा आणि कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. डिस्क कुणी अडवली, त्या प्रोग्रामचं नाव तिथे लिहिलेलं असतं. अगदीच घाई असेल तर लॅपटॉप बंद करून काढा, पण शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शट डाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. नुसतं झाकण मिटून डिस्क काढणं तर नकोच.

पण माझ्या मते क्लिकपेक्षा मोठी चूक त्याच्या पुढच्या दहा सेकंदांत होते. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते, छोट्या डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, आणि वाचणारं हेड तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. निरोप आला की वायर काढा, पण डिस्क टेबलावरच राहू द्या. वर तळहात ठेवलात तर बारीक थरथर लागते. ती विरली की मग उचला. वायर एका हाताने ओढत दुसऱ्या हाताने डिस्क बॅगेत सरकवणारे मी रोज बघतो. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिथे हा भाग सोडून द्या; बाकी सगळं लागू.

जोडतानाही आधी डिस्क सपाट ठेवायची, मग वायर. लॅपटॉपच्या बुडाशी लोंबकळती ठेवू नका. त्या रुंद चपट्या पिनेचं सॉकेट ढिलं झालं की एवढ्याशा हालचालीने डिस्कचा संपर्क तुटून पुन्हा जुळतो, म्हणजे न विचारता काढल्यासारखंच. दोन डिस्क एका स्वस्त हबवर लावू नका. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि तबकडी सुरू होताना बरीच वीज ओढते. पुरली नाही की टक् टक् आवाज येतो, माणूस घाबरतो, आणि दोष हबचा असतो. थेट लॅपटॉपला लावूनही टक् टक् थांबत नसेल तर मात्र स्कॅन-रिपेअर काही करू नका, डिस्क बंद ठेवा.

आपल्याकडची एक गोष्ट. अडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क असेल तर पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क एकदम बंद पडते. तुम्ही हातही लावला नाही, तरी झटका तोच. माझी ती डिस्क यूपीएसवर आहे. आणि जूनपासून सगळ्या डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आमच्या हवेत पिनांना गंज चढायला एक पावसाळा पुरतो.

२२५ च्या नोंदीत कुठल्या प्रोग्रामचं नाव निघालं ते कळवा, मग पुढचं बघू.