काखेतल्या गाठीत 'मायक्रो' निघालं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: आईचं (६१, डोंबिवली) स्तनाच्या कॅन्सरचं, स्तन वाचवून ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये सेंटिनल नोडमध्ये (काखेतली ती गाठ, जिथे कॅन्सर सहसा आधी पोचतो) मायक्रोमेटास्टॅसिस, १.१ मिमी. मामा म्हणतात, काखेतल्या सगळ्या गाठी काढून मोकळे व्हा.

मामांना चहा द्या आणि विषय बदला. गाठीत पोचलेलं कॅन्सरचं बेट ०.२ मिमीहून मोठं पण २ मिमीपर्यंतचं असेल तर त्याला मायक्रो म्हणतात. पूर्वी एवढ्यासाठी अख्खी काख साफ करायचे, पण आयबीसीएसजी २३-०१ नावाच्या ट्रायलमध्ये अशाच बायकांपैकी निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची नाही, आणि २०१३ साली निकाल आला तेव्हा आणि दहा वर्षांच्या हिशेबातही आजार परत येण्यात काही फरक दिसला नाही, हात सुजणं मात्र साफ केलेल्यांत जास्त. पण यातल्या बहुतेकींनी स्तनाला रेडिएशन घेतलं होतं हो, तेव्हा लाइट (म्हणजे हेच रेडिएशन) नको म्हणून अर्ध्यात सोडू नका!

प्रश्न: बहिणीला आधी किमो, मग ऑपरेशन. तिलाही मायक्रोच. मग तिचंही सोडून द्यायचं?

नाही, इथे गडबड करू नका. किमो खाऊनही ज्या पेशी उरल्या त्या चिवट, आणि वरची ट्रायल आधी ऑपरेशन झालेल्यांची होती. तिला काखेची सर्जरी किंवा रेडिएशन लागू शकतं. सर्जन आणि रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवू देत, परळला टाटात किंवा जिथे ट्यूमर बोर्ड (सगळे तज्ज्ञ मिळून केस बघतात तो) आहे तिथे फाइल दाखवा.

प्रश्न: 'आयटीसी' लिहिलंय, म्हणजे पसरलाय?

आयटीसी म्हणजे कॅन्सरच्या ०.२ मिमीपर्यंतच्या सुट्या पेशी. ऑपरेशन आधी झालं असेल तर नोड निगेटिव्हच, म्हणजे गाठीत पसरलेला नाही असंच धरतात.

प्रश्न: मायक्रो आहे म्हणजे किमो आलीच ना?

एकट्या मायक्रोवरून ठरत नाही. ईआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का), हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन), ग्रेड (पेशी किती आक्रमक), स्तनातल्या गाठीचा साइज, पाळी गेली की नाही, सगळं बघतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनची गोळी किमान पाच वर्षं, ती मात्र चुकवायची नाही, बऱ्याच जणी तिथेच ढिल्या पडतात.

प्रश्न: ऑपरेशनच्या बाजूच्या हातात बांगड्या घट्ट होतायत. लोकलमध्ये वरची कडी धरू का?

धरा, हात वापरायचाच असतो. पण बांगडी घट्ट होणं ही सूज सुरू झाल्याची खूण असू शकते, आत्ताच लिम्फेडिमा (हीच सूज) बघणाऱ्या फिजिओला दाखवा, आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.