मुलीला गाइड पथकात संघनायिका केलंय, पण संघातल्या मुली तिचं ऐकत नाहीत. तिला पद सोडायला सांगू का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारा वर्षांची आहे, पद मिळून दोनच महिने झालेत आणि दर बैठकीनंतर ती रडवेली होऊन घरी येते. ‘तिच्यात नेतृत्वगुणच नाहीत का?’ असंही विचारलंय. मी आधी गाइड, म्हणजे मुलींच्या स्काउट पथकात होते, नंतर बरीच वर्षं गाइडर, म्हणजे पथकाची मोठी मार्गदर्शक, म्हणून पथक चालवलं. पथकात मुलींचे छोटे संघ असतात आणि त्यातल्याच एकीला संघनायिका करतात. त्यामुळे हे रडवेले चेहरे मी दोन्ही बाजूंनी पाहिलेत.

एवढ्यात सोडायला सांगू नका. संघनायिका झाल्यावर पहिल्या शिबिरात मी काय केलं ते सांगते. आम्ही सात जणी होतो. तंबू उभारायला घेतला आणि बाकीच्यांच्या गाठी ढिल्या पडतायत असं दिसल्यावर मी सगळ्या दोऱ्या सोडून पुन्हा स्वतःच बांधल्या. चूलही मीच मांडली. पाणी कोणीतरी आणेलच, असं मी धरून चालले होते. सांगितलं कोणालाच नव्हतं. अंधार पडला तेव्हा बादल्या रिकाम्या, दोघी कंटाळून दुसऱ्या संघाच्या चुलीपाशी जाऊन बसलेल्या, एक रुसलेली, आणि मी घामाघूम होऊन सगळ्यांवर ओरडतेय. आमच्या गाइडर थोड्या अंतरावर उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

रात्री कोर्ट ऑफ ऑनर भरलं. म्हणजे सगळ्या संघनायिका आणि गाइडर मिळून पथकाचे निर्णय घेतात ती सभा. तिथे त्यांनी मला विचारलं, “आज तुमच्या संघात काम कोणी केलं?” मी तोऱ्यात म्हटलं, “मी.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग सहा जणी आजारी आहेत का?” बाकीच्या नायिका हसल्या. मला झोप आली नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी काही चमत्कार वगैरे झाला नाही. मी माझ्या उपसंघनायिकेला दोरीची गाठ शिकवायला बसले. खुंटीभोवती एक पूर्ण वेढा आणि दोन हाफ हिच, एवढंच. स्वतः बांधायला मला अर्धं मिनिट लागायचं, तिला शिकवण्यात अर्धा तास गेला. शिवाय तिची गाठ माझ्यापेक्षा वाईटच आली. ती तशीच राहू देणं मला सगळ्यात जड गेलं. रात्री वाऱ्याने तिची दोरी सुटली. मी उठेपर्यंत ती स्वतःच टॉर्च घेऊन बाहेर गेली होती. मी बांधली असती तर ती कशाला उठली असती? आणि एक कबूल करायला हवं: मुलींशी बोलण्यात ती माझ्याहून खूप हुशार होती. कामं वाटायचं मग तिच्याकडेच गेलं. संघ सुरळीत चालायला लागला त्यात माझं श्रेय निम्मंच.

म्हणून ‘ऐकत नाहीत’ म्हणजे नक्की काय, ते मुलीला विचारून पाहा. हुकूम ऐकत नाहीत, की त्यांच्या हातात कामच नाही? बारा वर्षांच्या मुली बारा वर्षांच्या मुलीचा हुकूम का ऐकतील? पण तंबूची, पाण्याची, संघाच्या झेंड्याची, नोंदवहीची जबाबदारी एकेकीकडे पक्की असली तर ओरडायची वेळ कमी येते.

दुसरी शक्यता मला जास्त खटकते. दोष मुलीचा नसून पथकाचा असू शकतो. 1907 साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हा त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मोठ्या मुलावर टाकली. सगळा खेळ तिथून सुरू झाला. मुलींचं तर आणखी गंमतशीर आहे. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्याला काही मुली न बोलावता, आपापले संघ करून हजर झाल्या, आणि पुढच्या वर्षी गाइड चळवळ सुरू झाली. म्हणजे मोठ्यांनी नेमण्याआधीच या पोरींनी आपल्या नायिका ठरवल्या होत्या! आज मात्र कित्येक पथकांत संघनायिकेच्या वाट्याला काय येतं? संचलनात ‘सावधान’ म्हणणं आणि हजेरी घेणं. शिबिराचा बेत मोठ्यांनी आखायचा, खेळ मोठ्यांनी ठरवायचे, दर वेळी संघ मोडून नवे गट करायचे. अशा ठिकाणी संघनायिकेची खूण असलेल्या खिशावरच्या दोन पट्ट्या नुसती शोभा.

तेव्हा गाइडरना भेटा आणि तीनच गोष्टी विचारा. कोर्ट ऑफ ऑनर खरोखर भरतं का? संघ वर्षभर तोच राहतो का? मुलींनी घेतलेला एखादा चुकीचा निर्णय तुम्ही कधी तसाच होऊ दिलाय का? तिसऱ्या प्रश्नावर त्या हसून एखादा किस्सा सांगू लागल्या तर मुलगी योग्य जागी आहे. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आली तर पद सोडण्यापेक्षा पथक बदलण्याचा विचार करा.

पुढे रेंजर म्हणजे मोठ्या मुलींचा विभाग, मग गाइडर, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या गाइडरना मिळणारा लाकडी मण्यांचा वुड बॅज, हे सगळं आहेच. त्याची आत्ता घाई नको. माझ्या पथकातल्या सगळ्यात चांगल्या संघनायिका आधी वर्षभर उपसंघनायिका होत्या. तेव्हा तुमच्या मुलीला स्वतःहूनच एक पायरी खाली यावंसं वाटलं तर येऊ द्या, त्यात कमीपणा नाही. पण ते तिने स्वतः कोर्ट ऑफ ऑनरमध्ये सांगावं. तुम्ही गाइडरना फोन करून नव्हे.