अणूला इलेक्ट्रॉन द्यायचा की वाटून घ्यायचा, हे कसं ठरतं?

तुमचा प्रश्न असा की सोडियम क्लोरीनला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, हायड्रोजनचे दोन अणू मात्र वाटून घेतात. हे त्यांना कळतं कसं? कळत काहीच नाही. ‘अष्टक (म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून’ असं लिहून मीही परीक्षेत गुण मिळवलेत, पण ते कारण नव्हे, लक्षात ठेवायची सोय आहे.

सोडियम काही दानशूर नाही. त्याच्या बाहेरच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचं ठरावीक, प्रचंड मोठं माप) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. तो क्लोरीनकडे गेला की परत मिळतात ३४९. नुसत्या देवघेवीत १४७ चा तोटा! तरी बंध होतो, कारण आता एक धन आणि एक ऋण आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, तयार झालेला असतो आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. तेही जोडीजोडीनं नाही. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाला ६ क्लोराइड खेटून असतात, प्रत्येक क्लोराइडला ६ सोडियम. वायुरूप आयन असे रचले गेले की सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. तोटा कधीच भरून निघाला. आयनिक बंध म्हणजे खरं तर हे आकर्षण. इलेक्ट्रॉन देणं ही त्याची पूर्वतयारी. म्हणूनच घन मिठात एक सुटा रेणू बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं.

हायड्रोजनचे दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे कुणीच कुणाचा इलेक्ट्रॉन हिसकावू शकत नाही. पण जवळ आले की दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकं ओढतात आणि मधल्या जागेत त्यांचा वावर वाढतो. फार जवळ गेले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात. केंद्रकांत ७४ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) अंतर असताना तोल साधतो. हा सहसंयुज बंध. इलेक्ट्रॉनच्या सामाईक जोडीची कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली.

या दोन टोकांच्या मध्येच बहुतेक बंध असतात. विद्युतऋणतेतला, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या ताकदीतला, फरक १.७ च्या वर गेला की आयनिक, असा एक ठोकताळा शिकवतात. त्यावर फार विसंबू नका: हायड्रोजन आणि फ्लोरीनमधला फरक १.७८ आहे, तरी हायड्रोजन फ्लोराइड सहसंयुजच, आणि ते १९.५ अंशांनाच उकळतं.